मुंबईचे वेलिणकर आणि सॉपविथ डॉल्फिन



हे स्मृतिव्याख्यान आहे, म्हणून आज मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याची स्मृती मराठीत फारशी कोणी जपलेली नाही. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या 23 व्या स्क्वाड्रनमध्ये ते लढाऊ वैमानिक होते. 30 जून 1918 रोजी ते गेले. उत्तर फ्रान्समधल्या हांगार नावाच्या लहानशा गावाजवळ त्यांची कबर आहे. युद्ध थांबायला तेव्हा साडेचार महिनेही उरले नव्हते.

त्यांच्याविषयी कधीमधी चार ओळी छापून येतात, त्यांत 'शूर' आणि 'धाडसी' ही विशेषणं ठरलेली असतात. ती खरीच आहेत. पण ते ज्या विमानातून लढले त्यात वैमानिकाचं डोकं कुठे असायचं, बंदुका कुठे रोखलेल्या असायच्या, इंजिन कुठे दगा द्यायचं, हे कळल्याशिवाय त्या विशेषणांना वजन येत नाही. ते विमान म्हणजे सॉपविथ डॉल्फिन. म्हणून आजचं व्याख्यान माणसाचं आहे तितकंच यंत्राचं आहे. कळव्यात यंत्राबद्दल बोलताना फार समजावून सांगावं लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, टूलरूममधले कारागीर म्हणून ज्यांनी उभा जन्म काढला, अशी माणसं या गावात घरोघरी आहेत.

आधी तो काळ डोळ्यांपुढे आणू. 1916 साली आपल्याकडे पारसिकचा बोगदा वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठावर कुत या गावात सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तीत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातली, देशावरची पोरं. 7 डिसेंबर 1915 ला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. शेवटच्या पंधरवड्यात अन्न संपत आलं तेव्हा ब्रिटिश विमानं वरून धान्याच्या गोण्या टाकत होती. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. दळायला जाती हवीत म्हणून जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले गेले होते. त्या विमानांची ताकद बेताची, नदीत पडलेल्या गोण्या वाहून जात, आणि जे हाती लागे ते हजारो माणसांना पुरणं शक्यच नव्हतं. पण आपल्या मराठी शिपायांचं आणि ब्रिटिश दुपंखी विमानांचं नातं पहिल्यांदा जुळलं ते असं, जमिनीवरून वर बघत.

वर बसायला मात्र त्यांना मज्जाव होता. शिपायाने कितीही पराक्रम गाजवला तरी सुभेदार-मेजरच्या पुढे त्याला वाट नव्हती. लष्करातलं राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, हिंदी माणसाला 1917 च्या ऑगस्टपर्यंत बंदच होता. अपवाद वैद्यकीय खात्याचा. विमानाचा वैमानिक साधारणपणे अधिकारीच असे, त्यामुळे ते दारही आपोआप बंद. लंडनमध्ये, ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या हिंदी मुलांच्या गोऱ्या वर्गमित्रांनी एका रात्रीत गणवेश चढवले, ही मुलं मात्र अर्ज घेऊन फिरत राहिली. ऑक्सफर्डमधल्या हरदितसिंग मलिकांना इंग्रजांनी नकार दिला, तेव्हा ते फ्रान्सला जाऊन रुग्णवाहिका चालवू लागले. पुढे फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झालं. हे कळल्यावर त्यांचे प्राध्यापक अर्कहार्ट यांनी रॉयल फ्लाइंग कोर, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या विमानदलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिलं. जो मुलगा फ्रेंचांना चालतो तो आपल्याला का चालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

त्या फटीतून चार हिंदी तरुण आत शिरले आणि पश्चिम आघाडीवर लढाऊ विमानं उडवू लागले. मलिक, एरॉल सेन, इंद्रलाल रॉय आणि आपले वेलिणकर. मलिक आणि सेन सॉपविथ कॅमलवर होते. 26 ऑक्टोबर 1917 च्या लढाईत मलिकांच्या विमानाची गोळ्यांनी चाळण झाली, पायात गोळ्या घुसल्या, तरी ते विमान उतरवून जिवंत राहिले. सेन सप्टेंबर 1917 मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. रॉय एसई-5ए या विमानावर होते. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा विजय मिळवले आणि 22 जुलैला ते धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांना विसावंही पूर्ण झालं नव्हतं. रॉय यांच्या नावाने कोलकात्यात रस्ता आहे आणि भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं आहे. बंगालने आपला मुलगा जपला. वेलिणकरांच्या बाबतीत आपण ते केलं नाही, ही खंत मनात आहे म्हणून मी हा विषय घेतला.

आता विमान. 1917 चा एप्रिल महिना ब्रिटिश वैमानिकांसाठी फार वाईट गेला. त्या एका महिन्यात त्यांची 245 विमानं पडली. जर्मनांची विमानं वेगवान होती, त्यांवर दोन-दोन मशीनगन होत्या. इंग्लंडमध्ये किंग्स्टन गावात, एका जुन्या स्केटिंग रिंकच्या इमारतीत, टॉमस सॉपविथ यांचा कारखाना होता. तिथले मुख्य आरेखक हर्बर्ट स्मिथ. याच कारखान्यातून त्या सुमारास कॅमल बाहेर पडत होतं. कॅमल चपळ, पण त्याच्या फिरत्या इंजिनामुळे नवशिक्याच्या हाती जीवघेणं. स्मिथ यांनी त्यासोबतच अगदी वेगळ्या विचाराचं विमान आखलं. 23 मे 1917 रोजी हॅरी हॉकर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ते पहिल्यांदा उडवलं. तेच डॉल्फिन.

स्मिथ यांनी स्वतःला प्रश्न काय घातला, ते पाहण्यासारखं आहे. वैमानिक मरतो कशाने? न दिसलेल्या शत्रूने. दुपंखी विमानात वरचा पंख वैमानिकाच्या समोर आणि डोक्यावर आडवा येतो, आणि शत्रू नेमका त्याच आडोशाने उन्हातून खाली झेपावतो. मग वरचा पंख इतका खाली आणायचा की वैमानिकाचं डोकं त्याच्याही वर राहील. त्या पंखाच्या मध्यभागी कापड लावलंच नाही, नुसती पोलादी नळ्यांची उघडी चौकट ठेवली आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर काढलं. पण मग वरचा पंख वैमानिकाच्या रेषेत, म्हणजे बराच मागे गेला. तोल सांभाळायचा तर खालचा पंख पुढे घ्यायला हवा. नेहमीच्या दुपंखी विमानात वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असे, इथे सगळं उलटं झालं.

ही उलटी ठेवण इतकी अनोळखी होती की 13 जून 1917 ला पहिला नमुना फ्रान्समध्ये नेला तेव्हा दोस्तांच्याच विमानवेधी तोफांनी त्याच्यावर मारा केला. पुढेही स्वपक्षाच्या वैमानिकांनी डॉल्फिनला जर्मन समजून हल्ले केल्याचे प्रसंग घडले. पण ज्यांनी ते उडवून पाहिलं त्यांना ते आवडलं. कॅनडाचा नामवंत वैमानिक बिली बिशप हा त्यांतला एक. 28 जूनलाच मोठी मागणी नोंदवली गेली.

या विमानात वैमानिक कसा बसायचा, ते नीट समजून घेऊ. समोर आठ सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं हिस्पानो-सुइझा इंजिन, 200 अश्वशक्तीचं. सुरुवातीच्या नमुन्यात रेडिएटर मोटारगाडीसारखा नाकावर होता, मग तो दोन भागांत कापून वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना नेला. त्याची उष्णता पायांपाशी येई, झडपा उघडून-मिटून इंजिनाचं तापमान राखता येई. म्हणजे पाय उबेला आणि डोकं पंखाच्या वर, उघड्या वाऱ्यात. डॉल्फिन 20,000 फुटांपर्यंत चढत असे. आपल्या कळसूबाईच्या पावणेचारपट ही उंची. तिथे उन्हाळ्यातही पारा शून्याच्या कितीतरी खाली असतो, हवा विरळ होते, विचार मंदावतो, बोटं कळ दाबायलाही नकार देतात. 87 व्या स्क्वाड्रनने प्राणवायूची सोय करून पाहिली, पण गोळी लागली की ती टाकीच फुटते असं दिसल्यावर तो नाद सोडावा लागला. इतकं वर जायचं कारण असं की जर्मनांची फोटो काढणारी विमानं याच उंचीवरून येत आणि कॅमल तिथवर पोचेपर्यंत त्याचा दम संपे.

बंदुका चार. प्रॉपेलरच्या पात्यांमधून नेम धरून मारा करणाऱ्या दोन विकर्स, आणि डोक्यापुढच्या आडव्या नळीवर वर रोखलेल्या दोन लुईस. कागदावर हे जबरदस्त होतं. प्रत्यक्षात लुईस बंदुका त्या नळीवर घट्ट राहत नसत, विमानाने गिरकी घेतली की त्या मागे झुलून वैमानिकाच्या तोंडावर आदळत. म्हणून बऱ्याच जणांनी एक काढून ठेवली, काहींनी दोन्ही. 87 व्या स्क्वाड्रनने त्या खालच्या पंखावर बसवल्या. तिथे गोळ्यांची चकती संपली की हवेत ती बदलणं अशक्य, पण निदान तोंड शाबूत राही.

आणि सगळ्यात मोठी भीती उतरतानाची. खाचखळग्यांच्या मैदानात विमान नाकावर जाऊन उलटलं तर सगळ्यात वर काय आहे? वैमानिकाचं डोकं. बाहेर पडायला वाट नाही, मागे पेट्रोलची टाकी. पुढे शिकाऊ आणि रात्रीच्या विमानांवर पोलादी कमानी बसवल्या, काहींच्या बाजूंना तोडून निघणाऱ्या फळ्या ठेवल्या. प्रत्यक्षात विमान उलटण्याचे अपघात धास्ती होती तितके झाले नाहीत. पण धास्ती होती, आणि ती रोज होती. त्यातून पॅराशूटही नाही. निरीक्षण फुग्यात बसणाऱ्यांना ब्रिटिशांनी पॅराशूट दिली, विमानातल्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत दिली नाहीत. जर्मन वैमानिकांना 1918 मध्ये ती मिळू लागली होती. ही गोष्ट मला आजही अक्षम्य वाटते. पेटलेल्या विमानातून बाहेर पडायचा मार्ग हाताशी असताना तो मुलांना नाकारला गेला.

आता टूलरूमवाल्या मंडळींचा विषय. या इंजिनाचा दांडा वेगाने फिरे, पण तेवढ्या वेगात प्रॉपेलर नीट ओढत नाही. म्हणून मध्ये गिअर घालून प्रॉपेलरचा वेग कमी केलेला होता. इंजिनं फ्रान्समध्ये वेगवेगळ्या कारखान्यांत बनत होती आणि त्यांतल्या ब्राझिए या कारखान्याच्या मालात गिअरचं पोलाद सदोष निघालं, दात्यांना पाणी नीट दिलेलं नव्हतं. वरून कडक दिसणारे दाते कामाच्या भाराखाली तुटत. गिअरचा दाता हवेत तुटला म्हणजे काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे लाइन बंद पडते, सुपरवायझर येतो. तिथे वैमानिक शत्रूच्या हद्दीवर इंजिनाविना लटकतो. शिवाय हेच इंजिन फ्रेंचांना त्यांच्या स्पाड विमानांसाठी हवं होतं, ब्रिटिशांना एसई-5ए साठीही. परिणामी डॉल्फिनचे सांगाडे तयार, इंजिनांचा पत्ता नाही, अशी स्थिती कित्येक महिने राहिली. दोन हजारांहून अधिक डॉल्फिन बांधली गेली, पण फ्रान्समध्ये युद्धभर फक्त चार ब्रिटिश स्क्वाड्रनना ती पूर्णपणे मिळाली. 19, 79, 87 आणि 23. माझं मत असं की डॉल्फिनला इतिहासात कॅमलच्या सावलीत राहावं लागलं ते आरेखनामुळे नव्हे. उंचावर ते कॅमलहून सरस होतं, हाताळायला सौम्य होतं. त्याला मागे ठेवलं ते एका कारखान्यातल्या हीट ट्रीटमेंटने आणि वाटपाच्या ओढाताणीने.

वेलिणकर 23 व्या स्क्वाड्रनमध्ये होते. ही तुकडी आधी फ्रेंच स्पाड उडवत असे, 1918 च्या वसंतात तिच्याकडे डॉल्फिन आली. वेळ आणीबाणीची. 21 मार्चला जर्मनांनी अखेरची मोठी चढाई सुरू केली होती आणि सोम नदीच्या खोऱ्यातून ते आमियां शहराच्या उंबरठ्यावर आले होते. आमियां म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन, ते गेलं असतं तर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांची ताटातूट झाली असती. 1 एप्रिलला रॉयल फ्लाइंग कोर आणि नौदलाची विमानसेवा एकत्र करून रॉयल एअर फोर्स जन्माला आलं. म्हणजे वेलिणकर जगातल्या पहिल्या स्वतंत्र हवाई दलाच्या पहिल्या पिढीतले अधिकारी ठरतात.

जूनच्या अखेरीस ते गस्तीच्या फेरीवर गेले आणि परतले नाहीत. हवेतल्या झुंजीत त्यांचं विमान पडलं, ते जखमी झाले आणि 30 जूनला जर्मनांच्या ताब्यात त्यांचा अंत झाला. हांगारच्या परिसरातला तो सगळा मुलूख तेव्हा लढाईच्या ओळीवरच होता. 8 ऑगस्टला दोस्तांनी आमियांची चढाई सुरू केली आणि कॅनडाच्या फौजेने हांगार गावापासून पुढे मुसंडी मारली. आणखी सहा आठवडे... पण असे हिशेब युद्धात करायचे नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी ते मनात आल्यावाचून राहत नाहीत.

मला वारंवार वाटतं ते हे. ज्या व्यवस्थेने त्यांना अधिकारी व्हायलाच नको म्हटलं होतं, त्या व्यवस्थेच्या सगळ्यात नव्या, सगळ्यात उंच जाणाऱ्या, उलट्या पंखांच्या विमानात हा मुंबईचा तरुण बसला. डोकं पंखाच्या वर काढून. पॅराशूटविना. गिअरचा दाता कधी तुटेल याची खात्री नसताना. ते साम्राज्यासाठी लढले म्हणून त्यांना बाजूला ठेवावं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कुतच्या चिखलात उपाशी राहिलेले मराठा शिपाईही साम्राज्याच्याच फौजेत होते, त्यांना आपण आपलं म्हणतो. हिंदी माणसाला विमान चालवता येत नाही, त्याला तेवढी हिंमत आणि तेवढं डोकं नसतं, हा समज या चार जणांनी 1917-18 मध्ये हवेतच मोडून काढला. पुढे 8 ऑक्टोबर 1932 ला भारतीय हवाई दल स्थापन झालं, त्यामागे अनेक कारणं होती. त्यांत या चौघांचं उदाहरण होतं, असं मी ठामपणे म्हणतो. इंद्रलाल रॉय यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी हे त्या दलाच्या पहिल्या तुकडीतले, आणि पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख.

डॉल्फिनचं पुढे काय झालं? युद्ध संपताच 1919 मध्ये ब्रिटिशांनी ते सेवेतून काढलं. थोडी विमानं पोलंडला गेली आणि 1920 च्या सोव्हिएत युद्धात वापरली गेली. सॉपविथ यांची कंपनी 1920 मध्ये गुंडाळली गेली आणि हॅरी हॉकर यांच्या नावाने नवी उभी राहिली. याच हॉकर घराण्याची हरिकेन विमानं भारतीय हवाई दलाने 1944 मध्ये इम्फाळच्या लढाईत उडवली. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे ज्यांनी रोखले, ती हंटर विमानंही हॉकरचीच. किंग्स्टनच्या स्केटिंग रिंकपासून राजस्थानपर्यंत वंशावळ सरळ लागते. जुन्या भागांतून पुन्हा उभं केलेलं एक डॉल्फिन लंडनजवळ हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. लंडनला मुलांकडे जाणाऱ्यांनी जरूर पाहावं. वरच्या पंखातली ती उघडी चौकट पाहिली की मी आत्ता इतका वेळ जे बोललो ते क्षणात समजतं.

शेवटी दोन विनंत्या. इथे शिक्षक बसले आहेत. पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना सार्‍या जगाची नावं येतात, त्यांत वेलिणकरांचं नाव एकदा फळ्यावर लिहा. आणि दुसरी विनंती सगळ्यांना. ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर या भागांतल्या आणि इथे कोकणातून, देशावरून येऊन राहिलेल्या पुष्कळ घरांत 1914 ते 1919 मधलं कोणा आजा-पणजाचं पदक, पत्र, डिस्चार्जचा कागद ट्रंकेत पडलेला असतो. घर बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना अशा वस्तू भंगारात जातात. त्या जाऊ देऊ नका. फोटो काढा, माणसाचं नाव, गाव आणि पलटण एका कागदावर लिहा आणि मुंबईच्या पुराभिलेखागाराशी किंवा जवळच्या ग्रंथालयाशी बोला. वेलिणकरांबद्दल कोणाच्या घरात एखादं पत्र, एखादा फोटो असेल, तर तो मराठी वाचकांसमोर यायला शंभर वर्षं आधीच उशीर झाला आहे. आता आणखी करू नका.